ग्रंथालयीन संकेतस्थळ-विकासक

ग्रंथालयीन संकेतस्थळ-विकासक : ग्रंथालयाची तालिका, शोधप्रबंधांचा संग्रह, नियतकालिकांची सूची व देवघेवीच्या नोंदी वाचकास संगणकांच्या जाळ्यावरून पाहता याव्यात, यासाठी लागणारी यंत्रणा उभी करणारा व ती चालू ठेवणारा तंत्रज्ञ. व्यवहारात ‘वेब डेव्हलपर’ हे इंग्रजी नावच रूढ आहे. ग्रंथपाल, तालिकाकार किंवा ग्रंथबांधणीकार यांच्याप्रमाणे या तंत्रज्ञास ग्रंथालयात ठरलेली जागा नाही. भारतातील विद्यापीठांच्या सेवकवर्गात तर हे पद स्वतंत्रपणे क्वचितच आढळते. तथापि ग्रंथालयाबाहेरच्या विद्येत तरबेज असलेला माणूस ग्रंथालयात आणून बसविण्याची रीत बरीच जुनी असून त्या नेमणुकांचे बरेवाईट परिणाम पाहिले, म्हणजे आजच्या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते.

या कामाचे प्रयोजन वाचकाच्या बाजूने पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरामुळे व यादवकालीन मराठी शिलालेखांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीचा तेथे मुक्काम असतो. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर हा प्रदेश त्याच्या कक्षेत आला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ, १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ सोलापूर जिल्ह्यापुरते सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले (२०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ). गाव जागचे हलले नाही. त्याचे विद्यापीठ मात्र तीनदा बदलले. शेवटच्या बदलाने ते सुमारे १०० किमी. वर आले. परंतु विद्यापीठ जवळ आले, तसे ग्रंथ जवळ आले असे झाले नाही. नव्या विद्यापीठाचे ग्रंथालय नव्याने उभारावे लागते आणि जुने संग्रह जेथल्या तेथेच राहतात. वेळापूरच्या शिलालेखांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास शं. गो. तुळपुळे यांचा प्राचीन मराठी कोरीव लेख हा पुणे विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ लागतो, १८८४ चा सोलापूर जिल्ह्याचा इंग्रजी गॅझेटिअर लागतो आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर व सोलापूर अशा चार ठिकाणी विखुरलेल्या प्रबंधांचा शोध घ्यावा लागतो. कोणता ग्रंथ कोठे आहे, हे घरबसल्या कळणे किंवा न कळणे हे आता ग्रंथपालाच्या सौजन्यापेक्षा त्या त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या रचनेवर अधिक अवलंबून आहे.

मराठी राज्यकर्त्याने ग्रंथालयासाठी बाहेरचा तज्ञ नेमल्याचे ठळक उदाहरण बडोद्याचे होय. सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शिकलेल्या प्रजेस पुढे वाचावयास काय मिळणार, हा त्यातूनच उद्‌भवणारा प्रश्न होता. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास बोलाविले. बॉर्डन तेथे सुमारे तीन वर्षे होते. तेवढ्या अवधीत ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते निर्माण झाले, १९११ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू झाला आणि पेट्यांतून गावोगाव ग्रंथ धाडणाऱ्या फिरत्या ग्रंथालयांची व्यवस्था मार्गी लागली. १९१२ मध्ये लायब्ररी मिसलेनी हे नियतकालिक निघू लागले; त्यात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे. बॉर्डन परत गेल्यावर हे खाते कोलमडले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते पुढे चालविले. परक्या तज्ञाचे ज्ञान तो जाण्यापूर्वी स्थानिक माणसांच्या हाती आले, हे या नेमणुकीचे खरे यश होय. याच बॉर्डन यांनी ड्यूई व कटर यांच्या पद्धतींचे मिश्रण करून बडोद्यासाठी एक स्वतंत्र वर्गीकरणपद्धती रचली होती. ती मात्र बडोद्याबाहेर रुजली नाही. एका संस्थेपुरती केलेली सोय, ती कितीही कुशलतेने केलेली असली, तरी इतरांशी देवघेव करू लागताच अडचणीची ठरते, हा अनुभव पुढे संगणकाच्या काळात पुनःपुन्हा आला.

मद्रास विद्यापीठाने जानेवारी १९२४ मध्ये शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांना आपले पहिले ग्रंथपाल म्हणून नेमले, तेव्हा ते गणिताचे अध्यापक होते व ग्रंथालयाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. आरंभी त्यांना हे काम इतके नीरस वाटले, की जुन्या जागी परत जाण्याचा विचार त्यांच्या मनात आला. विद्यापीठाने त्यांना अभ्यासासाठी लंडनला पाठविले व तेथून परतल्यावर त्यांनी वीस वर्षे हे पद सांभाळले. द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) ही त्यांची पद्धती गणितज्ञाच्या विश्लेषक बुद्धीतून निघाली, हे उघड आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की विद्यापीठाने बाहेरच्या विद्येचा माणूस घेतला, पण त्याला ग्रंथालयाची विद्या शिकविण्याचा खर्चही सोसला. पुढील काळातील नेमणुकांत या उत्तरार्धाचा विसर पडलेला दिसतो.

संगणकाच्या क्षेत्रातून ग्रंथालयात आलेल्या व्यक्तींत हेन्रिएट ॲव्रम (१९१९–२००६) यांचे स्थान पहिले मानावे लागेल. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६५ मध्ये त्यांना नेमले, तेव्हा त्या आज्ञावली लिहिणाऱ्या तंत्रज्ञ होत्या. तालिकीकरणाशी त्यांचा संबंध नव्हता. तालिकापत्रावरील प्रत्येक घटक–ग्रंथकार, शीर्षक, प्रकाशनस्थळ, वर्ष, पृष्ठसंख्या, विषय–म्हणजे नेमके काय व तो तेथेच का लिहितात, हे त्यांनी तालिकाकारांजवळ बसून शिकून घेतले आणि मग त्या घटकांस यंत्राने ओळखता येतील असे क्रमांक दिले. १९६६ मधील प्रयोगानंतर १९६८ मध्ये सिद्ध झालेली ही ‘मार्क’ नावाची नोंदपद्धती जगभरच्या ग्रंथालयांनी स्वीकारली. ती तयार झाल्याला अर्धशतक उलटून गेले. त्या काळचे संगणक संग्रहालयांत गेले. पण नोंदी एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतात, त्या या पद्धतीमुळेच.

विश्वव्यापी जाळ्याचा उगम जिनीव्हाजवळील सर्न या अणुकेंद्रीय संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या १९८९–९१ या काळातील कामात झाला, हे सर्वश्रुत आहे. या जाळ्याचा अमेरिकेतील प्रवेश एका ग्रंथालयाच्या सूचीसाठी झाला, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रेखीय त्वरक केंद्रात पदार्थवैज्ञानिक निबंधांची ‘स्पायर्स’ नावाची मोठी सूची होती. ती चालविणाऱ्या यंत्रणेची आज्ञाभाषा अवघड असल्याने दूरवरच्या संशोधकांस ती वापरणे कष्टाचे जाई. पॉल कुन्झ हे पदार्थवैज्ञानिक १९९१ मध्ये सर्नला जाऊन आले व त्यांनी हा नवा प्रकार केंद्रातील ग्रंथपाल लुईस ॲडिस यांना सांगितला. सूची वाचकांपर्यंत नेण्याचा हाच मार्ग, हे ॲडिस यांच्या तत्काळ ध्यानात आले व त्यांनी पाठपुरावा केला. १२ डिसेंबर १९९१ रोजी ती सूची जाळ्यावर आली. यूरोपबाहेरचे हे पहिले संकेतस्थळ होय. त्यासाठी कोणतेही पद निर्माण झाले नव्हते, की जाहिरात दिली गेली नव्हती. वाचकाची अडचण जाणणारी ग्रंथपाल आणि यंत्र जाणणारे सहकारी एका आवारात होते, एवढेच.

भारतात या क्षेत्राची पायाभरणी शासकीय योजनांनी केली. १९७७ मध्ये सुरू झालेल्या ‘निस्सात’ या राष्ट्रीय माहिती यंत्रणेने युनेस्कोची ‘सीडीएस/आयसिस’ ही आज्ञावली देशातील ग्रंथालयांस उपलब्ध करून दिली. १९८५ नंतर ती लहान संगणकांवर चालू लागल्याने अनेक ग्रंथपालांनी संगणकाची धुळाक्षरे तिच्यावरच गिरविली. विद्यापीठांची ग्रंथालये परस्परांस जोडण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे कार्यालय अहमदाबादेस होते. परंतु संस्थात्मक दृष्ट्या तो आरंभी पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्राचा (स्थापना १९८८) एक प्रकल्प होता. तारे पाहणाऱ्यांच्या घरी ग्रंथसूचीचा पाळणा हलावा, हा योगायोग गमतीचा खरा. जून १९९६ मध्ये इन्फ्लिबनेट हे स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले. त्याने तयार केलेली ‘सोल’ ही आज्ञावली २००० मध्ये, तिची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये व तिसरी २०२१ मध्ये वापरात आली. याच कार्यक्रमाच्या साहाय्याने अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ‘इन्फर्मेशन सायंटिस्ट’, म्हणजे माहितीशास्त्रज्ञ, हे पद निर्माण झाले. ग्रंथालयात संगणकतज्ञास अधिकृत स्थान देण्याचा भारतातील हा पहिला व्यापक प्रयत्न म्हणता येईल. संकेतस्थळाचे काम पुढे बहुतेक ठिकाणी याच व्यक्तीकडे आले. ग्रंथालयाच्या तांत्रिक खोलीत बसणारा हा अधिकारी ना धड ग्रंथपालांच्या श्रेणीत, ना संगणक विभागाच्या. बढतीची शिडी त्याला बहुधा नसे.

२००९ मध्ये आयोगाने पीएच्. डी. च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे विद्यापीठांस बंधनकारक केले व या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा मध्यवर्ती संग्रह उभा राहिला. तो मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञानसंस्थेची ग्रंथालये व ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनी २००२ मध्ये खुल्या केलेल्या ‘डीस्पेस’ या आज्ञावलीवर चालतो. वेळापूरसारख्या ठिकाणच्या वाचकाच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. कारण पूर्वी प्रबंधाची टंकलिखित प्रत पाहण्यासाठी विद्यापीठात जाऊनच बसावे लागे. परंतु संग्रहात प्रबंध असणे आणि तो सापडणे या दोन निराळ्या गोष्टी होत. सापडण्याचा प्रश्न लिपीशी येऊन भिडतो, आणि मराठी ग्रंथालयांतील संकेतस्थळ-विकासकाच्या कामाचा सर्वांत कठीण भाग तोच आहे.

संगणकीकरणाच्या आरंभी मराठी ग्रंथांच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी रोमन लिपीत करण्यात आल्या. रोमन लिपीत साध्या लेखनाने ल आणि ळ यांतील भेद दाखविता येत नाही. वेळापूर हे नाव ‘व्ही’ ने सुरू करावे की ‘डब्ल्यू’ ने, याबाबतही नोंद करणाऱ्याची मर्जी चाले. जुन्या इंग्रजी ग्रंथांत सोलापूरचे ‘शोलापूर’ व पुण्याचे ‘पूना’ असते; तेव्हा एकाच गावाविषयीचे ग्रंथ सूचीत तीन-चार ठिकाणी विभागले जात. कागदी तालिकेत अशा वेळी ‘पाहा’ असे संदर्भपत्र घालण्याची शिस्त होती. संगणक आला आणि ही शिस्त अनेक ठिकाणी मागे पडली; यंत्र सर्व शोधून देईल, अशी समजूत त्यामागे होती. यंत्र फक्त लिहिलेले शोधते.

देवनागरीत नोंदी सुरू झाल्या, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. निरनिराळ्या कंपन्यांच्या मुद्राक्षरसंचांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसविलेले असत. पडद्यावर मजकूर मराठी दिसे. पण त्याच मुद्राक्षरसंचाखेरीज तो उघडला, की निरर्थक रोमन चिन्हे दिसत. पुण्यातील सी-डॅक (स्थापना १९८८) या संस्थेने भारतीय लिप्यांच्या संगणकीय वापरासाठी केलेले काम मोलाचे होते आणि भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून संमतही झाली. पण छपाईच्या व्यवसायात कंपन्यांच्या खासगी पद्धतीच वापरात राहिल्या आणि ग्रंथालयांनी छपाईचीच साधने उचलली. १९९१ मध्येच आलेली ‘युनिकोड’ ही सर्व लिप्यांची पद्धती २००० च्या सुमारास सामान्य संगणकांवर चालू लागली. तोपर्यंत अनेक ग्रंथालयांनी हजारो नोंदी जुन्या मुद्राक्षरांत करून ठेवल्या होत्या. त्यांचे रूपांतर करणे, हे संकेतस्थळ-विकासकाच्या वाट्यास आलेले पहिले किचकट काम होय. रूपांतराची आज्ञावली एकदा लिहून भागत नाही. प्रत्येक मुद्राक्षरसंचाचा तक्ता निराळा करावा लागतो आणि जोडाक्षरे, रफार व वेलांट्या माणसाने डोळ्यांखालून घालाव्याच लागतात.

युनिकोडनेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या पुढे येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्यामध्ये आहे. यंत्राला केवळ तक्त्याच्या क्रमाने लावावयास सांगितले, तर वेळापूर हा शब्द वेसावे या शब्दाच्या आधी येतो. मराठी वाचक तो वेसावेच्या नंतर शोधतो. क्ष व ज्ञ यांच्या बाबतीत तर कोशकारांतही एकमत नाही : कोणी त्यांना क व ज यांच्या पोटात घालतात, कोणी वर्णमालेच्या अखेरीस. यांपैकी काय स्वीकारावयाचे, हा ग्रंथपालाचा निर्णय आहे आणि तो यंत्राला समजावून देणे हे विकासकाचे काम. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित करता येतो. दिसावयास दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. शोधापूर्वी ही रूपे एकच करून घेण्याची व्यवस्था आज्ञावलीत नसेल, तर कपाटात असलेला ग्रंथ सूचीत नाही, असे उत्तर वाचकास मिळते. अशा उत्तराची तक्रारही होत नाही. वाचक ग्रंथ नाही असे समजून निघून जातो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची जी मराठी ग्रंथसूची दोन भागांत सिद्ध केली, तिच्यात एकच अभ्यासक सर्व नोंदींवरून नजर फिरवीत असल्यामुळे असे घोटाळे आवरता आले. यंत्रात ती नजर आधी नियमांच्या रूपाने घालावी लागते.

अंध वाचकांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावल्यांना जुन्या मुद्राक्षरांतील मराठी मजकूर किंवा नुसत्या छायाचित्राच्या रूपात ठेवलेली पृष्ठे वाचता येत नाहीत. शासकीय संकेतस्थळांसाठी भारत सरकारने २००९ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ही बाब समाविष्ट आहे. मराठी ग्रंथसंग्रहांत तिची अंमलबजावणी करावयाची, तर चित्ररूप पृष्ठांचे अक्षररूपांतर आणि त्याची तपासणी अशी दुहेरी मेहनत पडते.

ग्रंथालयाने संकेतस्थळ-विकासक नेमून काय साधता येते, याचा जगातील नमुना न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयाने घालून दिला. हॉरोव्हेनुआ जिल्ह्यातील ग्रंथालयाची संगणकयंत्रणा जुनी होती व २००० हे वर्ष उजाडताच तारखांच्या घोटाळ्यामुळे ती निकामी होणार, हे स्पष्ट झाले. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा महाग होत्या आणि त्यांना लागणाऱ्या दूरध्वनी तारा खेड्यांतील शाखांस परवडणाऱ्या नव्हत्या. १९९९ मध्ये ग्रंथालयाने कटिपो कम्युनिकेशन्स या संकेतस्थळे बनविणाऱ्या संस्थेस काम दिले. तिने साध्या दूरध्वनीवरून, कोणत्याही संगणकाच्या न्याहाळकात चालेल अशी ग्रंथालययंत्रणा काही महिन्यांत तयार केली. जानेवारी २००० च्या आरंभी ती कामास लागली. यापुढचा निर्णय अधिक महत्त्वाचा ठरला. उद्या ही संस्था बंद पडली किंवा तिने दुसरा व्यवसाय धरला, तर आपल्या यंत्रणेस वाली कोण, असा ग्रंथालयासमोर प्रश्न होता. म्हणून आज्ञावली सर्वांस मोफत व खुली करण्यात आली, म्हणजे तिची देखभाल कोणासही करता यावी. तिला ‘कोहा’ हे माओरी भाषेतील, भेट या अर्थाचे नाव देण्यात आले. आज ती जगातील अनेक देशांत वापरली जाते. भारतातही विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांत तिचा प्रसार झाला आहे. खुली आज्ञावली फुकट मिळते, म्हणून ती बिनखर्चाची असते, असा मात्र समज करून घेऊ नये. यंत्रणा विकत घेण्याचा खर्च वाचतो, तो माणसाच्या वेतनावर करावा लागतो.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत नेमकी येथेच कुचंबणा होते. यंत्रसामग्रीसाठी एकदाचे अनुदान मिळणे तुलनेने सोपे, पण शिक्षकेतर पद मंजूर होणे कठीण. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठ ग्रंथालयास ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे नाव मिळाले व त्याच्या प्रमुखास संचालक म्हणू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत विद्यापीठ ग्रंथपालाच्या अर्हतेमध्ये माहिती-तंत्रज्ञानाचा ग्रंथालयसेवेत उपयोग केल्याचा पुरावा मागितला आहे. यावरून धोरण दिसते ते असे, की तंत्रज्ञान ग्रंथपालानेच आत्मसात करावे. सहायक ग्रंथपाल, उपग्रंथपाल व ग्रंथपाल या श्रेणींत संकेतस्थळ-विकासकास स्थान नाही. परिणामी त्याची गरज तीन मार्गांनी भागविली जाते : विद्यापीठाच्या संगणक विभागातील कोणाकडे जादा काम सोपवून, बाहेरच्या संस्थेस ठेका देऊन किंवा अकरा महिन्यांच्या करारावर उमेदवार घेऊन. पहिल्या मार्गात ग्रंथालयाचे काम परीक्षा व निकाल यांच्या मागे राहते, हे स्वाभाविक आहे. ठेक्याच्या मार्गाने संकेतस्थळ देखणे होते व त्यावर कुलगुरूंचे छायाचित्र तत्परतेने येते. तालिकेचा दुवा पुष्कळदा चौथ्या-पाचव्या पृष्ठावर सापडतो. कराराच्या मार्गाने आलेला तरुण पदवीधर कष्टाळू असला, तरी मुद्राक्षरांचे रूपांतर, नोंदींतील दोष आणि वाचकांच्या सवयी कळू लागेपर्यंत त्याची मुदत संपत आलेली असते. बडोद्याने बॉर्डन यांना दिलेली तीन वर्षे या तुलनेत उदार वाटतात.

निवडसमितीपुढील अडचण निराळीच असते. संगणकशास्त्राचे अध्यापक उमेदवारास आज्ञाभाषांविषयी विचारतात, ग्रंथपाल वर्गीकरणाविषयी; आणि दोहोंच्या मधले, जे प्रत्यक्ष करावयाचे असते, ते विचारावयाचे राहून जाते. ‘मार्क’ नोंदी एका यंत्रणेतून काढून दुसरीत नेणे, १९९५ मध्ये ठरलेल्या ‘डब्लिन कोअर’ या संक्षिप्त वर्णनपद्धतीत प्रबंधांची माहिती मांडणे, २००१ पासून रूढ झालेल्या नियमांनुसार ती इतर संग्रहांस उचलता येईल अशी खुली ठेवणे आणि मराठी शोधाची चाचणी घेणे, ही या कामाची मुख्य अंगे होत. त्यांपैकी शेवटचे अंग जाहिरातींत क्वचितच उल्लेखिलेले आढळते. उमेदवारापुढे ग्रंथालयाच्याच शंभर-दोनशे सदोष नोंदी ठेवून त्या दुरुस्त करण्यास एक दिवस दिला, तर प्रमाणपत्रांवरून न कळणाऱ्या पुष्कळ गोष्टी कळतात; तसे करावयास नियमांची आडकाठीही नसते.

विकासक सोडून गेल्यावर काय उरते, हे करारातील हस्तांतराच्या कलमावर ठरते. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदलेले आहे, संकेतशब्द कोणाजवळ आहेत, आज्ञावलीची मूळ प्रत व तिच्यातील बदलांची टिपणे ग्रंथालयाच्या ताब्यात आहेत काय, सर्व नोंदी प्रमाणित नमुन्यात केव्हाही बाहेर काढता येतात काय आणि त्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी नियमितपणे ठेवली जाते काय, या बाबी त्यात लेखी असाव्या लागतात. त्या नसल्या, तर नूतनीकरणाची तारीख चुकल्याने संकेतस्थळाचे नाव दुसऱ्याच कोणाकडे जाणे, किंवा यंत्र बदलताना काही वर्षांच्या नोंदी पुन्हा हाताने कराव्या लागणे, असे प्रसंग येतात. अशा वेळी जुनी दाखलनोंदवही उपयोगी पडते. संगणक आल्यावर जेथे ती लिहिणे बंद झाले, तेथे कपाटातील ग्रंथ एकेक करून मोजण्याखेरीज उपाय राहत नाही.